शेवटच्या तीन खोल्या

पडद्यावरचा राक्षस एकदाचा आडवा झाला तशा बाई चष्मा सावरून पुढच्या दाराकडे वळल्या.

"पुन्हा तेच!" शेजारी बसलेली धाकटी बहीण म्हणाली. "लांबोडकी खोली, मग कोनाड्याची, मग खिडकीखाली ओटा. अगं, प्रत्येक भुयारात हेच. वीट कसा येत नाही तुला?"

"नाही येत," बाई म्हणाल्या.

गेम खेळणाऱ्या सगळ्यांची हीच ओरड होती. कुठे बर्फाचं भुयार, कुठे आगीचं, पण शेवटच्या तीन खोल्या त्याच. रचणाऱ्याचं डोकं आटलंय, असं लोक खुशाल लिहीत.

बाई मात्र पहिल्याच भुयारात त्या खोल्यांची मापं मोजत थांबल्या होत्या. जन्मभर भूमिती शिकवलेली बाई. घराचा आराखडा ओळखायला चुकते होय! हे त्यांचंच घर होतं.

मुलगा त्या गेमच्या कंपनीत होता. तिथल्याच एका मुलीशी लग्न करतो म्हणाला, तेव्हा बाईंनी निक्षून सांगितलं होतं, "ती या घरात पाऊल ठेवणार नाही." त्यानं लग्न केलं आणि घर सोडलं. आता फोन यायचा तो 'बरी आहेस ना' एवढ्यापुरता.

"तोंडानं बोलत नाही," बाई बहिणीला सांगत, "पण पोराचा जीव इथंच अडकलाय बघ."

म्हणून त्या रोज राक्षस मारत आणि त्या खोल्यांत जाऊन नुसत्या उभ्या राहत. समोरचा चहा गार होऊन जाई.

मग नवा गेम आला. एकही खोली दुसरीसारखी नाही, अशी जाहिरात. लोक खूश झाले. बाईंनी एकूण एक भुयार पालथं घातलं. घर कुठेच नव्हतं.

त्यांनी आपण होऊन फोन लावला.

"आपलं घर का काढलंस रे? विसरलास?"



"आई, तू खेळतेस?"

"का काढलंस?"

"मी कशाला काढू? खोल्या माझ्याकडे नव्हत्याच कधी. मी राक्षस करतो."

"मग घर कुणी केलं होतं?"

"तुझ्या सुनेनं," तो म्हणाला. "मी आठवेल तसं सांगायचो, ती रचायची. या वेळी म्हणाली, पुरे आता. न बोलावता किती दिवस कुणाच्या घरी जायचं?"