माझं मी करते

ब्लाउजचं वरचं हूक निघालं आणि आतून रुमालाची घडी घरंगळून टेबलावर पडली. ओली, पिवळट. शेजारी उभी असलेली सून त्या घडीकडे बघतच राहिली.

"कधीपासून येतंय हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाले असतील दोन-तीन," सासूबाई म्हणाल्या.

"दिवस?"

"आठवडे."

पाच महिन्यांपूर्वी डाव्या खांद्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवला होता. तिथली कातडी आता लालबुंद होऊन ताणली होती आणि व्रणाच्या टोकाला बारीकसं छिद्र पडलं होतं. सकाळी हुडहुडी भरून ताप आला, म्हणून तर सून त्यांना घेऊन आली. एरवी त्या आल्याच नसत्या.

"नुसत्या औषधांनी हे भागायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतू यंत्राला चिकटून बसतात. यंत्र काढावं लागेल, हृदयात गेलेल्या तारांसकट. मग काही आठवडे शिरेतून औषध. सगळं स्वच्छ झालं की उजव्या बाजूला नवीन."

"जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत लोकांच्या तारा जोडल्या," सासूबाई म्हणाल्या. "आता माझ्याच उपटा."

डॉक्टरीणबाईंनी भरतीचा कागद लिहायला घेतला.

दुपारी वॉर्डात खाट मिळाली. हाताला सलाइन लागलं. शस्त्रक्रिया उद्या सकाळी ठरली. सून खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसली. मागच्या खेपेलाही ती अशीच बसली होती, अकरा दिवस.

"आई, मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं, तर पुन्हा या स्टुलावर येऊन बसली असतीस."

"मग आता कुठे बसलेय?"

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हत होती.

"आंघोळीला मदत नको, माझं मी करते, म्हणालात," सून हळूच म्हणाली. "तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेवढाच वेळ डोळे मिटून पडायला मिळायचा. रोज एक रुमाल धुऊन दोरीवर घातलेला असायचा. मला दिसत होता, आई. मी विचारलं नाही."

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. केस विंचरलेले नव्हते. त्या कष्टाने सरकल्या आणि खाटेची कड मोकळी केली.

"टेक जरा डोकं."

"नको."

"टेक म्हणते ना."

सुनेने डोकं टेकलं. बघता बघता तिचा श्वास जड झाला.

थोड्या वेळाने सिस्टर रक्तदाब बघायला आली आणि सुनेला उठवायला वाकली. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि दंडावरची बाही स्वतःच वर सारली.