घरात फक्त मराठी

"घरात हिंदी बोलायचं नाही," हा जयसिंहरावांचा नियम. त्यावरून चौदा वर्षांची सोनिका रोज वाद घालायची, "बाबा, पूरा ग्वालियर हिंदी बोलता है!"

गेल्या आठवड्यापासून मात्र ती निमूटपणे मराठी बोलू लागली आणि संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जाऊ लागली. यात काहीतरी काळंबेरं आहे, हे जयसिंहरावांनी ओळखलं. आज चपला हातात घेऊन ते जिना चढले आणि दाराआड उभे राहिले.

सोनिका दबक्या आवाजात शिकवत होती, "म्हण, नमस्कार काका."

फोनमधून एका मुलाचा घोगरा आवाज अडखळत आला, "नमस्कार... काका."


"बढ़िया! अब संडे को बेफिकर घर आ जा. बाबा का रूल बस एक ही है."