सरकता कण

तेल आणि पाणी यांच्या सीमेवर पोहोचलेला सूक्ष्म कण क्षणार्धात स्थिरावतो, असे मी वीस वर्षे शिकवत आलो. लेसरने कणाची खोली मोजणाऱ्या होलोग्राफिक सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो तिसऱ्या दिवशीही तेलाकडे सरकतच होता. "नमुना अस्वच्छ असेल," मी म्हणालो. "सर, तीनदा बदलला," माझी विद्यार्थिनी मधुवंती म्हणाली. "टेबल हलत असेल." "मग कण मागेपुढे झाला असता ना? हा एकाच दिशेने चाललाय." मी चिडून काच स्वतः धुतली, लेसर जुळवला. नवा कणही सरकतच राहिला. हेच निरीक्षण माझा तेव्हाचा विद्यार्थी शंतनू याने सात वर्षांपूर्वी आणले होते. निष्काळजीपणा ठरवून मी त्याचा प्रबंध अडवला; तो संशोधन सोडून मुरार या आपल्या गावी शिकवण्या घेऊ लागला. मी त्याला फोन केला. "तुझ्या नोंदवह्या हव्या आहेत, शंतनू." "सर, त्या मी फाडल्या. तुम्हीच म्हणाला होतात, असल्या नोंदी कुणाला दाखवू नकोस."