चावीवरचा हात

“मिस्टर कधी येणार?” सोसायटीच्या सेक्रेटरींनी फ्लॅटची चावी टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

“येणार नाहीत. आमचा घटस्फोट झालाय,” मी म्हणाले. “बदली माझी झालीय. राहणार मी, माझी लेक आणि या आई.”

“एकट्या बाईला आम्ही जागा देत नाही, मॅडम. फॅमिली सोसायटी आहे. आजी, तुम्ही तरी समजवा तुमच्या मुलीला.”

आई ताडकन उठल्या. “मुलगी नाही, सून आहे ही माझी. हिच्यावर हात उचलणारा माझ्याच पोटचा. त्याला सोडून मी हिच्याबरोबर निघालेय. आता सांगा, फॅमिली म्हणजे अजून काय असतं?”

सेक्रेटरींनी ओशाळून चावी पुढे सरकवली.

आईंनी ती एका बोटाने परत ढकलली. “राहू द्या. चल गं, जिथे माणसं राहतात अशी सोसायटी बघू.”