भिंतीपलीकडची पेनल्टी

घराच्या वाटण्या झाल्या, मधे भिंत आली आणि माझं न् दादाचं बोलणं बंद झालं. टीम मात्र दोघांची एकच राहिली. त्याचा टीव्ही माझ्यापेक्षा जरा पुढे चालतो, त्यामुळे गोल मला आधी भिंतीतून ऐकू येतो आणि मग दिसतो.

मागच्या महिन्यात रेफरीने अगदी शेवटी पेनल्टी दिली आणि आम्ही हरलो. डोकं फिरलं म्हणून गॅलरीत गेलो, तर शेजारच्या गॅलरीत दादा.

"ती पेनल्टी होती?" त्याने रस्त्याकडे बघत विचारलं.

"साधा धक्काही लागला नव्हता! रेफरी आहे की आंधळा?"

"आणि आपला कोच दीडशहाणा! बरोबरी असताना स्ट्रायकरला बाहेर काढतं का कुणी?"

आत माझा चहा गार झाला. बायकोने विचारलं, "बोलायला लागलात वाटतं?"

"छे! रेफरीला शिव्या घालत होतो."

पुढची मॅच आम्ही जिंकलो. गॅलरीत बराच वेळ उभा राहिलो, दादा आलाच नाही. आला असता तरी जिंकल्यावर काय बोलायचं, हे मला सुचलं नसतं.

आज शेवटपर्यंत बरोबरी होती आणि देवाकडे नक्की काय मागावं, तेच मला कळेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून दादा ओरडला, "अरे आंधळ्या, ही काय पेनल्टी झाली?"

माझ्या टीव्हीवर अजून काहीच घडलं नव्हतं. पण रेफरीला इतक्या आनंदाने शिव्या घालताना मी दादाला कधीच ऐकलं नव्हतं.