इंग्रजी शेळीची कहाणी

हौसाबाय गावातल्या बायकांना इंग्रजी शिकवणाऱ्या आनंदीबाईंच्या अंगणात शिरली ती सुनेला दंडाला धरून घरी न्यायच्या बेतानेच. भांडायचे शब्द तिने वाटेवरच जमवून ठेवले होते. "बाईमाणसाला इंग्रजी कशाला?" हा पहिला, आणि आनंदीबाई कितीही शिकलेल्या असल्या तरी त्यांना झोंबेल असा दुसरा. खरं दुखणं मात्र निराळंच होतं, आणि ते ती कुणाला सांगणार नव्हती. तिच्या मुलाने, शिवाने, मुंबईहून निरोप धाडला होता: गोदीतल्या साहेबाच्या घरी मुलं सांभाळायला बाई हवी आहे, पण औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचता आलं पाहिजे, काशी तेवढं शिकली की खोली घेऊन तिला नेतो. काशी गेली की आंजर्ल्याच्या घरात उरणार कोण? हौसाबाय आणि चूल.

पडवीशी येताच तिची चाल मंदावली. श्रावणातला शुक्रवार, दुपारची वेळ. बायका गोल करून बसलेल्या. मध्ये सूप, सुपात तांदूळ. शेजारच्या तुळसाच्या मुठीतही तांदूळ. काशी मान खाली घालून पोथीतलं काहीतरी सावकाश वाचत होती, आणि बाकीच्यांचे चेहरे देवळात असावेत तसे गंभीर.

शिकवणी आटोपून बायका कहाणीला बसल्या असणार, असं हौसाबायने धरलं. तुळसा शिकता शिकता घरचे तांदूळ निवडत होती, हे तिला कुठलं ठाऊक? चालत्या कहाणीत भांडण काढणं म्हणजे शुद्ध पाप. तिने पायांवर पाणी घेतलं, सुपातले चार दाणे उचलून मुठीत धरले आणि पदर सावरून ती बसली. सासूला पाहून काशी वाचता वाचता थांबली.

"वाच गो," हौसाबाय म्हणाली. "मदीच थांबू नये."

काशीने आनंदीबाईंकडे पाहिलं. त्या डोळ्यांनीच 'वाच' म्हणाल्या.

"धि... ओल्ड... वुमन... हॅड... अ... गोट."

हौसाबायला एक अक्षर कळलं नाही. तेव्हा ते संस्कृतच असणार, म्हणून तिने भक्तिभावाने मान डोलावली. तुळसाने रोजच्या रीतीप्रमाणे अर्थ सांगितला, "म्हातारीकडं एक शेळी व्हती."

"व्हती," हौसाबायने हुंकार दिला.

एकेका वाक्यासरशी कहाणी पुढे सरकली. एकटी म्हातारी, एकुलती एक शेळी. म्हातारी तिला हाताने चारायची. एके दिवशी शेळीला डोंगरावरचं हिरवं गवत दिसलं, आणि दावं तोडून ती डोंगर चढून गेली. म्हातारी दारात बसून हाका मारत राहिली. संध्याकाळ झाली तरी शेळी आली नाही. हौसाबाय पुढे सरकून बसली.

"आज इथवर पुरे," आनंदीबाईंनी पुस्तक मिटलं. "उरलेला धडा सोमवारी."

"धडा?" हौसाबायने पुठ्ठ्याकडे पाहिलं. त्यावर टोपी घातलेली मडम होती. "म्हंजे ही कहाणी नाय?"

"इंग्रजीचं पुस्तक आहे हो, हौसाबाई. गोष्टी वाचत वाचत शिकवते मी यांना."

हौसाबायचा चेहरा पाहण्याजोगा झाला. भांडायचे शब्द तयार होते, माणसं समोर होती, पण मुठीत तांदूळ होते. तांदूळ हातात घेऊन ऐकायला बसलेलं माणूस कहाणी पुरी झाल्याशिवाय उठत नाही. उठलं तर घराला भोवतं. तिकडे गोदीत शिवाच्या डोक्यावरून दिवसभर बोटीतली ओझी उतरत असतात; एखादं सुटलं तर? कहाणी इंग्रजी निघाली म्हणून देव थोडाच सोडणार होता?

"सोमवारपत्तुर मी हितंच बसू?" ती कडाडली. "उगडा ते पुस्तक!"

"तुम्ही काशीला न्यायला आला होतात ना?" आनंदीबाईंनी साळसूदपणे विचारलं.

"न्हेईन मागाहून! शेळी डोंगराव, म्हातारी दारात, आन तुमी पुस्तक मिटताव?"

आनंदीबाईंनी पुस्तक उघडून काशीपुढे सारलं. "मी सांगायची नाही. वाचील तिनेच सांगायचं."

काशी अडखळत वाचू लागली. एका लांबलचक शब्दापाशी तिची गाडी पार रुतली, तशी हौसाबाय उसळली, "काशे, अशी काय करतेस? म्हातारी काळोखात बसलीय! मन लावून शिकली असतीस तर येवढ्यात शेळी घरला आली असती!"

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. काशीलाही हसू आलं, आणि हसता हसता तो शब्द सुटला.

शेळी काही घरी आली नाही. सकाळी म्हातारीने दाराला कडी घातली, काठी घेतली आणि ती स्वतःच डोंगर चढून शेळीकडे गेली. वर गवत होतं, झऱ्याचं पाणी होतं. दोघी तिथेच राहिल्या. संपलं.

हौसाबायने मुठीतले तांदूळ पुस्तकावर वाहिले आणि मनोभावे नमस्कार केला. तो सगळा मडमेला पोचला.

"परत नाय आली म्हातारी?"

"नाही. एवढंच आहे."

"आन तिचं घर? मागलं-फुडलं?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"लिवनाऱ्याला सोताचं घर नसंल," हौसाबाय पुटपुटली आणि उठली.

कुणी काही बोलायच्या आत काशीने पाटी-पुस्तक आवरलं आणि ती सासूच्या मागोमाग निघाली. दोघी घराकडची पायऱ्यांची पाखाडी चढू लागल्या. अर्ध्यावर हौसाबाय थांबली, गुडघ्यावर हात ठेवून तिने दम खाल्ला. एकटं पडायचं भय तिच्या तोंडावर आता सरळच दिसत होतं.

"काशे, शिवा घेतोय ती मुंबैची खोली कितव्या माळ्याव हाय गो?"

"चवथ्या, आत्या."

हौसाबाय वरच्या पायऱ्यांकडे बघत राहिली.

"मग काठी लागंल," ती म्हणाली.