व्हिलन कोण होणार?

“कव्हर भडक, म्हणजे आत गोष्ट पातळ,” वीजमानवचा नवा अंक उघडायच्या आधीच अब्दुर्रहमान सरांनी निकाल दिला.

नेरूळच्या त्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर सर दर रविवारी मुलांना कॉमिक वाचून दाखवत. वीजमानवच्या पहिल्या अंकापासूनचे ते वाचक. शहरातली दंगल शमल्यावर आलेला हा पहिलाच अंक. त्यांचा नातू अरसलान दुपारची नमाज पढून थेट इकडेच आला होता. टोपी डोक्यावरच होती.

“सर, वीजमानव बघा, पाण्यात उभा राहून करंट सोडतोय,” धम्मपाल म्हणाला.

“मग पहिला झटका कोणाला?”

“त्यालाच!” मैत्री ओरडली. सगळे हसले.

सरांनी पान उलटलं आणि थांबले.

पानभर व्हिलन उभा होता. दाढी, डोळ्यांत सुरमा, पांढरी जाळीची टोपी, हातात बॉम्ब. मुलांनी चित्र पाहिलं. मग सरांच्या दाढीकडे नजर जाऊ नये म्हणून सगळी खाली बघू लागली.

व्हिलनचं बोलणं सर नेहमी घोगऱ्या आवाजात वाचत. मुलं त्याचीच वाट बघत. आज त्यांनी ते साध्या आवाजात वाचलं. एकही शब्द गाळला नाही. अंक संपवून मिटला.

“कसा वाटला, सर?” शिवाने विचारलं.

“चित्रं छान. गोष्ट आळशी. आधी व्हिलन कोण ते शेवटच्या पानावर कळायचं. तोवर आपण डोकं खाजवायचो. या वेळी नुसत्या टोपीवरून कळलं.”



वाचन झालं की त्याच गोष्टीचा खेळ असे. व्हिलन व्हायला कोणीच तयार नसे, म्हणून चकायचं. सगळ्यांनी एकदम हात पुढे टाकायचे, कोणी उपडा, कोणी उताणा. वेगळा पडेल तो सुटला. शेवटी उरेल तो व्हिलन. मागच्या वेळी मैत्री उरली होती आणि रडली होती.

“चला, चकूया,” ती म्हणाली.

“चकायचं कशाला?” शिवा म्हणाला. “अरसलान हाय ना. टोपी पन हाय.”

तो चिडवायला म्हणाला नव्हता. सरांना तेच जास्त लागलं.

अरसलानने टोपी काढली, घडी केली, खिशात घातली. हातही खिशातच ठेवला.

सर गुडघ्यांवर जोर देत कट्ट्यावरून उठले. मुलांच्या गोलात येऊन उभे राहिले आणि आपला हात मधोमध धरला.

“मीपण खेळतोय. काढा हात.”

“सर, तुमी?”

“का? व्हिलन निघालो ना, तर एकेकाला पळता भुई थोडी करीन.”

मैत्रीने हात पुढे केला. मग धम्मपालने. शिवा घुटमळला, सर त्याच्याकडे बघतच राहिले. शेवटी त्याचाही हात आला.

“अरसलान,” सर म्हणाले, “एक हात कमी पडतोय.”

कोणी हललं नाही. हात तसेच अधांतरी राहिले. मैत्रीचा दुखायला लागला, तिने तो दुसऱ्या हाताने खालून धरला, पण मागे घेतला नाही.

अरसलानचा हात खिशातून बाहेर आला.

टोपी आतच राहिली.